आईला विचारा, पण नीट विचारा

"बोटानं दाखवून वस्तू मागतो का?"

"हो, मागतो ना."

मी कागदावर 'हो'पुढे खूण केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले. गोष्ट बरीच जुनी, मी या कामात नवी असतानाची. सव्वादोन वर्षांचा मुलगा. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, म्हणून आजीला शंका आली होती. कान तपासून झाले होते, ऐकू व्यवस्थित येत होते. पंधरा मिनिटांत वीस प्रश्न संपले. दोन ठिकाणी काळजी वाटावी असे उत्तर, बाकी सगळे ठीक. 'सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा' असे सांगून मी त्यांना घरी पाठवणार होते. पिशवी उचलता उचलता आई सहज म्हणाली, "हुशार आहे हो मॅडम. पाणी हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो आणि माझंच बोट माठावर ठेवतो."

मी त्यांना पुन्हा खाली बसवले.

त्या आईने खोटे सांगितले नव्हते. मूल बोटाने दाखवत होते. फक्त बोट आईचे होते. दुसऱ्याचा हात एखाद्या अवजारासारखा वापरणे आणि स्वतःचे बोट उचलून, आईच्या तोंडाकडे पाहून 'ते दे' किंवा 'तो बघ चांदोबा' असे सुचवणे यांत फार अंतर आहे. दुसऱ्या प्रकारात आईचे मन, तिचे लक्ष मुलाच्या हिशेबात असते. ऑटिझमच्या तपासणीत नेमके हेच शोधायचे असते आणि माझ्या प्रश्नाने तेच निसटू दिले होते. चूक उत्तराची नव्हती, विचारण्याची होती.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, रक्ताच्या तपासणीत कळत नाही. एमआरआयच्या चित्रात ती दिसत नाही. मुलाचे वागणे हाच पुरावा असतो आणि तो दोन वाटांनी हाती येतो. एक, तज्ज्ञाने मुलाशी खेळून, त्याला निरखून. दोन, मुलाला रोज सांभाळणाऱ्या माणसाला विचारून. पहिल्या वाटेला आपण 'तपासणी' म्हणतो आणि दुसरीला 'माहिती घेणे'. घोळ इथूनच सुरू होतो. तपासणी डॉक्टर करणार, माहिती कोणीही घ्यावी; मग ती बाहेरच्या बाकावर, हातात फॉर्म देऊन घेतली तरी चालते, अशी समजूत होते. माझे म्हणणे असे की पालकांची मुलाखत हीसुद्धा तपासणीच आहे. तिला वेळ, प्रशिक्षण आणि आईची भाषा लागते. यांतले काही नसेल, तर पुढची चाचणी कितीही नामांकित असो, निदान अर्ध्या पुराव्यावर उभे राहते.

मुलाखतीशिवाय का भागत नाही? डॉक्टर मुलाला पाऊण तास पाहतात, तेही अनोळखी खोलीत. मूल रडलेले असते, भुकेले असते किंवा बसच्या प्रवासाने पेंगुळलेले असते. घरी ते काय करते, चुलत भावंडांत कसे मिसळते, मिक्सर सुरू झाला की कान झाकते का, शाळेची रिक्षा रोजच्या रस्त्याने गेली नाही तर काय होते, हे त्या खोलीत दिसत नाही. शिवाय जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या २०१३ सालच्या निकषांप्रमाणे लक्षणे आज दिसत असोत की पूर्वी होऊन गेलेली असोत, ती धरायची असतात. त्यांची सुरुवात मात्र अगदी लहानपणी झालेली असावी लागते. आठ वर्षांच्या मुलाचे दुसरे वर्ष डॉक्टरांनी पाहिलेले नसते. ते पाहिलेले माणूस समोरच बसलेले असते.

ऑटिझमचा वैद्यकीय इतिहासच एका पालकाच्या पत्राशी जोडलेला आहे. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला वैद्यकात वेगळी ओळख मिळाली. त्यांतला पहिला मुलगा डोनाल्ड. त्याला रुग्णालयात आणण्याआधी वडिलांनी टाइप केलेला ३३ पानांचा वृत्तान्त पाठवला होता. तो नसता, तर कॅनर यांना डोनाल्डची पहिली वर्षे कळली नसती. त्यांनी त्या वृत्तान्ताचा भरपूर उपयोग केला, त्याची वाखाणणीही केली. पण वडील तपशिलात अति गुंततात, असाही शेरा मारला. पुढच्या दोन दशकांत हा शेरा वाढत गेला. पालकांचा थंडपणाच मुलाला असे करतो, अशी समजूत रुजली. ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ सालच्या पुस्तकाने ती घराघरांत पोहोचवली. साक्षीदार होता तो आरोपी झाला.

ही समजूत मोडण्यात पालकांचाच हात होता. स्वतः ऑटिस्टिक मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी १९६४ साली पुस्तक लिहून, ही मेंदूच्या जडणघडणीतली गोष्ट आहे, संगोपनातली नव्हे, असे मांडले. पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. १९६९ साली अशाच एका सभेत खुद्द कॅनर यांनी पालकांना जाहीरपणे दोषमुक्त केले. ब्रिटनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ लॉर्ना विंग यांची मुलगी ऑटिस्टिक होती. पुढे विंग यांनी सहकाऱ्यांसह पालकांच्या सविस्तर मुलाखतीची एक पद्धतच तयार केली.

विज्ञानाने पालकांना कधीच निर्दोष ठरवले. आपल्या तपासणीच्या खोलीत ते अजून पुरते निर्दोष ठरलेले नाहीत. आई खुर्चीवर टेकते न टेकते तोच पहिला प्रश्न येतो, "मोबाइल किती वेळ देता?" दुसरा येतो, "तुम्ही नोकरी करता का?" माहिती म्हणून हे प्रश्न वावगे नाहीत. पण ते पहिले आले की आईला चौकशी सुरू झाल्यासारखे वाटते आणि ती उत्तराऐवजी बचाव देऊ लागते. 'सगळं करतो तो, फक्त बोलत नाही' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले असेल. त्यामागे बऱ्याचदा हीच धास्ती असते.

मग चांगली मुलाखत कशी असते? मायकेल रटर, अ‍ॅन ल कूतूर आणि कॅथरिन लॉर्ड यांनी तयार केलेली, १९९४ साली सुधारलेली 'एडीआय-आर' ही मुलाखत जगभर आदर्श मानली जाते. तिच्यात ९३ मुद्दे आहेत आणि दीड ते अडीच तास लागतात. पण तिची ताकद या आकड्यांत नाही. गुण देण्याचे काम आई करत नाही, प्रशिक्षित मुलाखतकार करतो. आईने फक्त सांगायचे असते: काय घडले, कधी, कुठे, कोण होते, मग मुलाने काय केले. 'इतर मुलांबरोबर खेळतो का?' याला 'हो' म्हटले तर पुढचा प्रश्न येतो, 'शेवटचं कधी खेळला? काय खेळत होते?' मग कळते की बाकीची मुले लपाछपी खेळत होती आणि हा त्यांच्या कडेकडेने पळत होता. आई त्याला खेळणे म्हणते, त्यात तिचे काही चुकत नाही. खेळण्यातल्या कोणत्या भागाला महत्त्व आहे, हे ओळखणे मुलाखतकाराचे काम.

हेच तत्त्व छोट्या चाचणीतही पाळता येते. १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी 'एम-चॅट' नावाची २० प्रश्नांची चाळणी आहे. तिच्या सुधारित आवृत्तीत ३ ते ७ गुण आले तर लगेच निष्कर्ष काढायचा नसतो. त्या त्या प्रश्नावर पालकांशी पुन्हा बोलून उदाहरणे विचारायची असतात. या दुसऱ्या टप्प्यात अनेक मुलांची शंका फिटते आणि घरच्यांचे विनाकारण घाबरणे टळते. आपल्याकडे मात्र पहिला टप्पा छापून वाटला जातो आणि दुसरा बहुधा गाळला जातो. माझ्या त्या मुलाला तर दोनच गुण होते, म्हणजे नियमाप्रमाणे दुसरा टप्पा लागलाही नसता. म्हणून पहिल्या प्रश्नालाही 'कसं ते सांगा' ही जोड हवी.

पालकांचे सांगणे प्रमाण मानायला अनेक डॉक्टर बिचकतात. त्यांच्या शंकेत तथ्य आहे. आठवण ही जपून ठेवलेली चित्रफीत नव्हे. पहिला शब्द कधी उच्चारला, असे त्याच पालकांना काही वर्षांनी पुन्हा विचारले तर उत्तरातले वय पुढे सरकते, असे अभ्यासांत दिसले आहे. मूल दोन-तीन वर्षांचे असताना सांगितलेले आणि दहा वर्षांचे झाल्यावर सांगितलेले सारखे नसते. पहिलेच मूल असेल तर तुलनेला दुसरे नसते. मुलगी असेल तर 'लाजाळू आहे' एवढ्यावर भागते. आणि हळूहळू होणारा बदल रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बाळांना सहाव्या महिन्यापासून नियमित तपासले गेले. पुढे ऑटिझमचे निदान झालेल्या बहुतेक बाळांचे चेहऱ्याकडे पाहणे, हसून प्रतिसाद देणे पहिल्या वर्षाच्या मध्यानंतर ओसरत गेले होते. पण तसे सांगणारे पालक थोडेच निघाले.

पण पारड्यात दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. 'दीड वर्षाचा होईपर्यंत शब्द बोलायचा, मग बोलणं गेलं' असे पालक सांगत, तेव्हा तज्ज्ञांना ती कल्पना वाटे. २००५ साली संशोधकांनी अशा मुलांच्या पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसांच्या घरगुती चित्रफिती पाहिल्या आणि पालकांचे म्हणणे खरे निघाले. त्याआधी १९९४ साली, पुढे ऑटिझमचे निदान झालेल्या ११ मुलांच्या आणि इतर ११ मुलांच्या पहिल्या वाढदिवसाच्या फिती शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा फरक चेहऱ्याकडे पाहणे, बोट दाखवणे, वस्तू दाखवणे आणि हाकेला वळणे यांत दिसला होता. म्हणजे पालकांना दिसते ते खरे असते. सगळेच दिसते असे नाही. उरलेले दिसावे म्हणून तर प्रत्यक्ष निरीक्षण आणि मुलाखत या दोन्ही वाटा एकत्र चालायच्या असतात. एकीने दुसरीची जागा घ्यायची नसते. दोन्हींत विसंगती आली, तर 'आई काहीही सांगते' असा निकाल न देता पुन्हा विचारायचे आणि पुन्हा पाहायचे.

आपल्याकडे या मुलाखतीवर आणखी एक गोष्ट अवलंबून आहे: प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. त्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने विकसित केलेली 'इसा' ही भारतीय मापनपट्टी वापरली जाते. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला १ ते ५ गुण आहेत; ७० पेक्षा कमी गुण आले तर ऑटिझम नाही, असे धरतात. गुण ठरतात ते वागणे किती वेळा दिसते यावर. थोडा भाग तपासणीच्या वेळी दिसतो, बराचसा पालकांच्या तोंडून कळतो. आईने 'कधीकधी' म्हटले की 'बऱ्याचदा' म्हटले, यात एका मुद्द्यावर एका गुणाचा फरक पडतो; असे चाळीस मुद्दे आहेत. सवय झालेली आई 'फार नाही हो' म्हणते. पहिल्यांदाच घाबरलेली आई 'सारखंच' म्हणते. मुले दोघींची सारखीच असू शकतात.

कोणी म्हणेल, सवलतीसाठी पालक वाढवून सांगतात. सांगत असतील. मोठ्या मुलीचे लग्न ठरायचे आहे म्हणून लपवणारेही असतात. दोन्हींवर उपाय एकच: खूण नको, प्रसंग विचारा. 'नेहमी करतो' म्हणणे सोपे आहे; कुठे, कधी, कोणासमोर केले याचे दहा प्रसंग रचून सांगणे अवघड आहे. आणि लपवणाऱ्या आईलाही रोजचा दिवस सकाळपासून सांगायला लावला की सांगता सांगता तिच्याच लक्षात येत जाते.

भाषेचा प्रश्न तर आपण विचारातच घेत नाही. मेळघाटातल्या आईची भाषा कोरकू, गडचिरोलीच्या दुर्गम भागातली गोंडी किंवा माडिया, गोव्यातल्या आईची कोकणी. फॉर्म इंग्रजीत, विचारणारा हिंदी किंवा प्रमाण मराठीत. 'कल्पनेने खेळतो का?' याचा अर्थ शहरातल्या आईलाही पटकन लागत नाही. 'भातुकली खेळतो का? खोटा खोटा चहा देतो का? बाहुलीला झोपवतो का?' असे विचारले की लागतो. आपल्या घरांची रीतही ध्यानात घ्यावी लागते. एकत्र कुटुंबात मूल कुरकुरायच्या आत कोणीतरी वाटी पुढे करते. मग 'मागतो का?' याचे उत्तर कसे मिळणार? 'हवं असलेलं समोर असून दिलं नाही, तर काय करतो?' असे विचारावे लागते.

शिवाय 'पालक' म्हणजे नक्की कोण? नोकरी करणाऱ्या आईच्या मुलाचा दिवस आजीजवळ किंवा पाळणाघरात जातो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची काही मुले हंगामभर आजी-आजोबांकडे असतात. रुग्णालयात मात्र ज्याला सुट्टी मिळाली तो बाप येतो आणि 'तिला विचारून सांगतो' म्हणतो. कधी आई येते, पण सासूबाई शेजारी बसलेल्या असल्याने बोलत नाही. 'आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात' असे सासूबाई सांगून मोकळ्या होतात आणि आई मान खाली घालते. अशा वेळी दोघींशी वेगवेगळे बोलणे ही शिष्टाचाराची बाब नाही, तपासणीचा भाग आहे. आजीलाही गप्प करू नये. त्या मुलाच्या बाबतीत पहिली शंका आजीलाच आली होती, हे मी विसरलेले नाही.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?" असे माझे सहकारी विचारतात. ओपीडीची रांग मलाही माहीत आहे. पण ही मुलाखत डॉक्टरनेच घ्यावी असे नाही, एकाच दिवशी संपवावी असेही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक यांची पदे आहेत. ती भरली जावीत आणि त्यांना मुलाखतीचे प्रशिक्षण मिळावे. मुलाला रोज पाहणाऱ्या अंगणवाडी सेविकेचे म्हणणे कागदावर यावे. खासगी केंद्रांनी मुलाखतीसाठी स्वतंत्र वेळ द्यावा आणि तिचे शुल्क उघडपणे वेगळे दाखवावे. ती फुकटची पुरवणी राहिली, तर तिला पुरवणीइतकाच वेळ मिळणार. आणि अहवालात गुणांच्या शेजारी आईने सांगितलेले दोन-चार प्रसंग तिच्याच शब्दांत लिहावेत. पुढच्या डॉक्टरला आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतात. चुकीच्या निदानात जाणारी वर्षे मोजली, तर दीड तास महाग नाही.

पालकांनाही थोडी तयारी करता येईल. जाण्याआधी आठवडाभर वहीत प्रसंग लिहून ठेवा. 'हट्टी आहे' असे न लिहिता काय झाले ते लिहा. मोबाइलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ घ्या: जेवताना, खेळताना, हाक मारताना. पहिल्या-दुसऱ्या वाढदिवसाचे व्हिडिओ शोधून न्या. दिवसभर सांभाळणारे माणूस सोबत असू द्या. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा, ते उत्तरही चालते. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा. आणि पाच मिनिटांत खुणा करून कोणी निदान हाती दिले, मग ते 'आहे' असो वा 'नाही', तर सविस्तर बोलायला वेळ मागा. तो तुमचा हक्क आहे.

त्या मुलाच्या आईशी आणि आजीशी मी नंतर दोन वेगवेगळ्या दिवशी बोलले. मुलाला दोनदा पाहिले. निदान ऑटिझमचेच झाले आणि सहा महिने वाट न पाहता त्याची थेरपी सुरू झाली. तेव्हा माझ्या कागदावर त्या प्रश्नापुढे 'हो' आणि 'नाही' असे दोन चौकोन होते. आता त्यांच्याखाली एक रिकामी ओळ असते: 'शेवटचं कधी? कशाकडे? बोट कोणाचं?' ती भरायला दोन-तीन मिनिटे जास्त लागतात.